मुलांचा औषधांचा डबा आणि आजोबांच्या गोळ्या

(रौप्यमहोत्सवी वर्षात संस्थेच्या सभागृहात झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण. स्मरणिकेसाठी लिहून देताना वक्त्यांनी थोडी भर घातली आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘आरोग्यविषयक मार्गदर्शन’ असं छापलंय. तो शब्द जरा मोठा झाला. मी डॉक्टर नाही. उभी हयात बँकेत गेली. तेव्हा कोणत्या आजारावर कोणतं औषध, हे मला विचारू नका. घरात लहान मुलांचं औषध कसं ठेवावं, कसं मोजावं आणि कुणाच्या ताब्यात असावं, एवढंच मी बोलणार आहे. ठेवणं, मोजणं आणि ताबा हे तिन्ही विषय बँकेतल्या माणसाला परके नाहीत. मध्ये मध्ये जे वैद्यकीय आकडे येतील ते सी विंगमधल्या आपल्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी आधी नजरेखालून घातलेत, म्हणून धीटपणे सांगतो.

हा विषय आत्ताच का? पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा खालच्या मोकळ्या जागेत क्रिकेट खेळून तळमजल्याच्या काचा फोडणारी जी मुलं होती, ती आता स्वतः आई-बाप झाली. नवराबायको दोघंही कामावर जातात आणि नातवंडं दिवसभर आपल्यापाशी. म्हणजे दुपारी तीनला ताप चढला तर औषध पाजणारा हात आपला असतो. चष्मा लावलेल्या माणसाचा, किंवा चष्मा कुठे ठेवलाय ते शोधणाऱ्या माणसाचा. शिवाय आपल्या काळात घरात औषधं मोजून दोन असायची. आता प्रत्येक घरात एक छोटं मेडिकल स्टोअर आहे.

निवृत्त झालो तरी इन्स्पेक्शनची खोड गेलेली नाही. भाषणाच्या निमित्ताने मी आमच्या आणि खालच्या मजल्यावरच्या पाच घरांत जाऊन मुलांच्या औषधांचा डबा दाखवा म्हटलं. कुणीही नाही म्हणालं नाही, चहाही मिळाला. डबे निघाले ते असे: दोन श्रीखंडाचे, एक बिस्किटांचा पत्र्याचा, एक चपलांचा खोका आणि एका घरी फ्रिजच्या दाराचा कप्पा. एका डब्यात तापाची तीन औषधं होती, तीन कंपन्यांची, तीन नावांची. चष्मा पुसून बारीक अक्षर वाचलं तर तिन्ही पॅरासिटामॉलच. एकाच खात्याची तीन पासबुकं! दुसऱ्या डब्यात दोन ड्रॉपर सुटे पडलेले, कुठल्या बाटलीचे ते घरात कुणालाच सांगता येईना. एका घरी मागच्या दिवाळीतलं अँटिबायोटिकचं अर्धं सिरप, तळाशी दगड झालेलं. एक गोळ्यांची पट्टी कात्रीने अशी कापलेली की मुदतीची तारीख नेमकी कापल्या भागाबरोबर गेलेली. आणि एक कानाचे थेंब ज्या मुलासाठी आणले होते तो मुलगा यंदा बारावीला आहे.

डब्यात काय असावं ते दोन मिनिटांत सांगून होतं. पॅरासिटामॉलचं एक औषध, एकच. ओआरएसची चार-पाच पाकिटं. सुई नसलेली पाच मिलीची सिरिंज. डिजिटल थर्मामीटर; पाऱ्याचा जुना असेल तर काढून टाका, फुटला की पारा घरभर पळतो. नाक चोंदलं तर घालायचे मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे थेंब. कापूस, गॉझ, चिकटपट्ट्या, जखमेला लावायचं पोव्हिडोन आयोडीन. अंगाला खाज सुटली तर कॅलामाइन. याउपर जे काही ठेवायचं ते तुमच्या मुलाला बघणाऱ्या डॉक्टरांनी नाव आणि मात्रा लिहून दिलेलं. कुणाला दमा असेल तर त्याचा पंप आणि स्पेसर, कुणाला तापात झटके येत असतील तर त्यासाठी दिलेला नाकातला फवारा. झालं. श्रीखंडाचा एक किलोचा डबा पुरून उरतो.

काय नसावं, ती यादी लांब आहे आणि तिच्यातच खरी मेख आहे. उरलेलं अँटिबायोटिक नको. पावडरीत पाणी घालून केलेलं सिरप साधारण आठवड्याभरात निकामी होतं, फ्रिजमध्ये ठेवलं तरी. पट्टीवर उभी लाल रेघ दिसली की समजावं, हे चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही. मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी, लोपरामाइड, लहान मुलाला कधीच नाही. ॲस्पिरिन नाही. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्याकडे २०११ सालीच बंद झालं, तरी मोठ्यांसाठी आणलेली पट्टी घरात असते आणि ‘अर्धी गोळी देऊ’ असं म्हणणारं कुणीतरी असतंच. गजकर्णावर आणलेलं मलम बाळाच्या लंगोटाच्या जागी पुरळ आलं म्हणून लावू नका. त्यातल्या पुष्कळांत जोरदार स्टेरॉइड असतं.

आता पॅरासिटामॉलपाशी जरा थांबतो. औषध चांगलं आहे, स्वस्त आहे, मापात दिलं तर सुरक्षित आहे. गोंधळ मापाचा आहे. हे बाजारात लहान मुलांसाठी तीन ताकदींत मिळतं. थेंबांच्या छोट्या बाटलीत दर मिलीला १०० मिलिग्रॅम. साध्या सिरपमध्ये दर पाच मिलीला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम. आणि जास्त ताकदीच्या सिरपमध्ये पाच मिलीला २५०. पुष्कळांना वाटतं की थेंब तान्ह्यांसाठी, म्हणजे ते सौम्य असणार. उलट आहे. तान्ह्याच्या पोटात थोडंसंच जावं म्हणून ते सगळ्यात दाट केलेलं असतं.

मुलाला किती द्यायचं ते वयावर नव्हे, वजनावर ठरतं. किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम एका वेळेला. दोन वेळांत चार ते सहा तासांचं अंतर आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. दहा किलोचं मूल धरू आणि किलोमागे पंधरा धरू, म्हणजे १५० मिलिग्रॅम. थेंबांतून द्यायचे तर दीड मिली. १२० च्या सिरपमधून सव्वासहा मिली. २५० च्या सिरपमधून तीन मिली. आता बघा काय होतं. सून ऑफिसमधून फोनवर सांगते, ‘आई, सहा मिली द्या.’ तिच्या डोळ्यांसमोर साधं सिरप आहे. इकडे हाताला लागते थेंबांची बाटली. सहा मिली म्हणजे ६०० मिलिग्रॅम, चौपट! कॅश काउंटरवर कुणी ‘सहा नोटा दिल्या’ असं म्हणत नाही. शंभराच्या सहा की पाचशेच्या सहा, ते आधी. म्हणून फोनवर मिली सांगाल तेव्हा बाटलीवरचा आकडाही समोरच्याकडून वाचून घ्या. आणि घरात एकच ताकद ठेवा. मूल मोठं झाल्यावर जास्त ताकदीचं आणलंत तर जुनी बाटली त्याच दिवशी बाहेर.

हे औषध जास्त झालं तर यकृताला इजा होते आणि ती पहिल्या दिवशी दिसत नाही. मूल दिवसभर बरं दिसतं. त्यामुळे चुकून जास्त गेलंय असा नुसता संशय आला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. वेळेत गेलं तर त्यावर उतारा आहे.

दुसरी फसगत म्हणजे दुहेरी नोंद. सर्दीच्या कित्येक तयार औषधांत पॅरासिटामॉल असतंच. आजीने सर्दीचं पाजलं, आईने घरी आल्यावर तापाचं पाजलं, दोघी आपापल्या जागी बरोबर. म्हणून व्हाउचर हवं. आपण कालनिर्णयवर दुधाचे खाडे लिहितो ना, तिथेच लिहायचं: ‘तीन दहा, पॅरा, सहा मिली, आजी.’ जो देईल त्याने, दिल्याबरोबर. व्हॉट्सॲपवर टाकलं तरी चालेल, पण त्या ग्रुपवर सुप्रभातचे फोटो येत नसतील तर.

आणि चमचा. ‘एक चमचा द्या’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. आमच्या घरचे चहाचे तीन चमचे मी सिरिंजने मोजले. एकात तीन मिली मावलं, एकात साडेचार, एकात सहा. आमच्या हिने विचारलं, ‘सकाळी सकाळी काय चाललंय?’ म्हटलं, ‘ऑडिट.’ बाटलीबरोबर आलेली टोपी किंवा सिरिंज, यांशिवाय तिसरं माप नाही. एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला नाही. पाजताना सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून हळूहळू सोडावं, घशात पिचकारी मारू नये, ठसका लागतो.

तापाचं औषध थर्मामीटरला द्यायचं नसतं, मुलाला द्यायचं असतं. १०० आहे पण पोरगं सोफ्यावरून उड्या मारतंय, तर मारू द्या. मलूल असेल, अंग दुखत असेल तर द्या. मात्र तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा वर ताप आला तर घरी औषध देऊन वाट पाहायची नाही, थेट डॉक्टर. आणि पावसाळ्यात, डेंग्यूचे दिवस असताना, ताप कशाचा ते कळेपर्यंत पॅरासिटामॉलच. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड असलेली औषधं तेव्हा धोक्याची, रक्तस्राव वाढू शकतो. कित्येक बाटल्यांत पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकत्र असतं, म्हणून बारीक अक्षर वाचायचं. भिंग घ्या. मी घेतलंय.

आता ओआरएस. हे पाकीट मला फार आवडतं, कारण एवढ्या स्वस्तात एवढं काम करणारी दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालात आले, बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण करून ते पाण्यातून आप्तांच्या हातून रुग्णांना पाजायला लावलं. तीस टक्क्यांपर्यंत गेलेला मृत्यूचा दर साडेतीन-चार टक्क्यांवर आला. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ साली, मरणोत्तर. आपल्याकडे उशीर हा होतोच.

पण हेच पाकीट घरोघर चुकीचं वापरलं जातं. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते पूर्ण, एका लिटरमध्ये, एकाच वेळी. ग्लासभर पाण्यात चिमूटभर टाकून उरलेलं रबर लावून ठेवायचं नाही. दाट झालं तर मिठाने अपाय होतो, पातळ झालं तर उपयोग होत नाही. लिटरचं द्रावण नको असेल तर २०० मिलीची छोटी पाकिटं मिळतात, लहान मूल असलेल्या घरी तीच बरी. उकळून गार केलेलं पाणी घ्या, वरून साखर नको, सरबत नको, केलेलं चोवीस तासांनंतर ओतून द्या. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पन्नास ते शंभर मिली, वाटी-चमच्याने, मिनिटा-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. हे काम कंटाळवाणं आहे, तासभर मांडीवर घेऊन बसावं लागतं, आणि ते आजी-आजोबांइतकं चांगलं कुणाला जमत नाही. बरोबर डॉक्टर झिंक देतात, ते जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरं करायचं. अंगावरचं दूध, नेहमीचं जेवण बंद करायचं नाही. मूल सुस्तावलं, पीत नाही, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी नाही, शौचातून रक्त पडलं, तर मात्र घरचा उपाय संपला.

दुकानात ओआरएससारखं नाव लावून विकली जाणारी गोड पेयं वेगळी, ती जुलाबावरचं औषध नव्हे. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षं त्याचा पाठपुरावा केला आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली. तरी घेताना केमिस्टकडून पाकीटच घ्या आणि त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असं छापलंय ना ते पाहा.

खोकल्याच्या औषधाबद्दल आपल्या पिढीला वेगळं सांगायला नको. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधून डायएथिलिन ग्लायकॉल पोटात जाऊन चौदा रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला, रोज पेपरात येत होतं. तेच विष २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडे खोकल्याच्या सिरपमधून मुलांच्या पोटात गेलं. मूत्रपिंडं बंद पडलेली कितीतरी मुलं उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. वीसहून जास्त गेली. ज्या द्रव्याची मर्यादा ०.१ टक्का, ते त्या बाटलीत चाळीस टक्क्यांहून जास्त निघालं. हे घरी बसून कुणालाही ओळखता आलं नसतं. वास नाही, चव उलट गोड. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं द्यायची नाहीत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत. साधा सर्दी-खोकला तसाही आठ-दहा दिवसांत आपोआप जातो. मला विचाराल तर लहान मुलांच्या डब्यात खोकल्याची बाटली नसावीच. डॉक्टरांनी लिहून दिलंच तर बिल घेऊन ठेवा. त्यावर बॅच नंबर असतो. उद्या एखादी बॅच परत मागवली तर तुमच्याकडे नोटेचा नंबर असेल.

बाळगुटीबद्दल मी काही बोललो तर आज रात्री घरी ताट वाढलं जाणार नाही. तरी दोन गोष्टी, कारण त्या मॅडमनी आवर्जून सांगायला सांगितल्यात. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नाही, डॉक्टरांनी लिहून दिलेलं सोडून. आणि वर्षाच्या आत मध नाही, जिभेला लावण्यापुरताही नाही. त्यातून क्वचित का होईना, बाळाचे स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होतो. कापूर-ओव्याची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात, उशाशी ठेवू नका. कापूर पोटात गेला तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात. देव्हाऱ्यातली कापराची डबीही वर ठेवा, त्या वड्या अगदी पेपरमिंटसारख्या दिसतात.

आता मूळ गोष्टीकडे येतो. हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल की मुलांचा डबा नीट केला म्हणजे झालं. पण घरातली सगळ्यात धोक्याची औषधं त्या डब्यात नसतातच. ती आपल्या उशाशी असतात.

गेल्या पावसाळ्यात आपल्याच सोसायटीत एक प्रसंग झाला. घर सांगत नाही, त्यांच्या परवानगीने प्रसंग सांगतो. दोन वर्षांचा मुलगा. आजोबांची साखरेच्या गोळ्यांची पट्टी टीपॉयवर. आजी स्वयंपाकघरातून आल्या तर पट्टी मुलाच्या हातात, एक कप्पा फाटलेला. आरडाओरडा न करता या बाईंनी पहिली गोष्ट केली ती मोजणी. पंधराची पट्टी, रोज सकाळी एक, रविवारी सुरू केलेली, आज शनिवार. सात गेल्या, आठ राहायला हव्यात. होत्या सातच. तोंडात बोट घालून पाहिलं, सोफ्याखाली झाडून पाहिलं, नाही सापडली. तेवढ्यात शेजारच्यांनी गाडी काढली आणि पट्टी बरोबर घेऊन सगळे हॉस्पिटलला. मुलगा वाटेत गाणी म्हणत होता. आजोबा म्हणायला लागले, ‘अहो, खेळतोय की, परत जाऊ या.’ आजी परत फिरल्या नाहीत. डॉक्टरांनी ठेवून घेतलं, तासातासाला साखर तपासली. रात्री अकराच्या सुमाराला ती एकदम उतरली. हॉस्पिटलमध्ये होता, हाताला सुई लावलेली होती, म्हणून लगेच ग्लुकोज चढवता आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आला. घरी झोपवला असता तर झोपेतच काय झालं असतं, हे कुणाला कळलंही नसतं.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या साखरेच्या गोळ्या लहान मुलाला एकसुद्धा जीवघेणी ठरू शकते, आणि परिणाम काही तासांनी दिसतो. ब्लडप्रेशरच्या ॲम्लोडिपिनसारख्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, बाळंतिणीच्या लोहाच्या लाल गोळ्या, सगळ्या मुलांना धोक्याच्याच. आणि आपण त्या ठेवतो कुठे? जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी, विसरू नये म्हणून. सोमवार-मंगळवारच्या खणांची प्लास्टिकची डबी तर मुलाला खुळखुळाच वाटते, आणि ती बोटाने उघडते.

स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात, एकट्याला उघडता येत नाही. घरी इतकं नको, पण कडी असलेलं, मुलाच्या डोक्यावरच्या उंचीचं एक कपाट हवं. नुसतं उंच पुरत नाही, खुर्ची ओढता येते. औषध घेतलं की त्याच क्षणी परत आत. विसरायची भीती वाटत असेल तर मोबाइलवर गजर लावा, गोळ्या डोळ्यांसमोर मांडून ठेवू नका. पाहुण्या आल्या की त्यांच्या पर्सही वर ठेवायच्या, त्यांतही पट्ट्या असतात. नातवंडांसमोर गोळी घेऊ नये, ती आपली नक्कल करतात. आणि औषध पाजताना ‘खाऊ आहे, चॉकलेट आहे’ असं सांगणं आजपासून बंद. कडू आहे तर कडू म्हणा.

एवढं करूनही मुलाने काही गिळल्याचा संशय आला तर ओकारी काढायची नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही. वेळ बघायची, गोळ्या मोजायच्या, पट्टी किंवा बाटली बरोबर घ्यायची, निघायचं. रुग्णवाहिकेसाठी १०८. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेच्या माहितीचं केंद्र आहे, त्याचा फुकट नंबर १८०० ११६ ११७. रिमोटमधला बटणासारखा सेल गिळला असेल तर एक मिनिट घालवू नका, तो अन्ननलिका जाळतो.

ठेवण्याबद्दल थोडक्यात. बाथरूम नको, दमट असतं. गॅसच्या वरचं कपाट नको. फ्रिजमध्ये तेच, ज्याच्यावर तसं लिहिलंय. मुदत महिन्याची लिहिली असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालते. पण डोळ्यांचे थेंब फोडल्यावर महिनाभरच, म्हणून फोडल्याची तारीख पेनने बाटलीवर घाला. पट्टी कापायची तर तारखेचा भाग शेवटपर्यंत ठेवून. चेकची मुदत तीन महिने असते आणि एक दिवस उलटला तर आम्ही परत करायचो, ओळखीच्या माणसाचाही. औषधालाही तोच न्याय लावा. जुन्या गोळ्या पट्टीतून काढून चहाच्या चोथ्यात कालवून, पिशवी बांधून मग कचऱ्यात. बाटलीचं लेबल फाडून टाका, नाहीतर भंगारातून ती पुन्हा कुठे भरली जाईल सांगता येत नाही.

शेवटी एक कागद. स्मरणिकेबरोबर कमिटीने प्रत्येक घराला एक छापील कागद द्यायचं कबूल केलंय, तो डब्याच्या झाकणाला आतून चिकटवायचा. त्यावर मुलाचं नाव, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा फोन, मी सांगितलेले दोन नंबर. त्याखाली तीन रकाने: तारीख, वजन, आणि घरात असलेल्या बाटलीतून पॅरासिटामॉल किती मिली. तिसरा रकाना तुम्ही भरायचा नाही, मीही सांगणार नाही. तो डॉक्टरांकडून भरून घ्यायचा, बाटली घेऊन जाऊन. वजन बदललं की नवी ओळ. येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी क्लबहाऊसमध्ये वजनकाटा घेऊन बसणार आहे आणि मॅडमनीही यायचं कबूल केलंय. नातवंडांना घेऊन या, घरातली तापाची बाटली आणा, आणि चष्मा विसरू नका.